निळ्या पाटीचं वय

"मुक्ता, आता पुरे. पेटी बंद झालीय," प्रभाकरकाका म्हणाले आणि पुन्हा फरशीवाल्याशी बोलू लागले.

मुक्ता पाय आपटत बाहेर आली. सकाळपासून कुणी तिचं ऐकतच नव्हतं. नानाखेड्याच्या दत्तमंदिराचे विश्वस्त असलेले काका मंदिरातली मीनाकारीची जुनी पाटी, निळ्या रंगावरचे दत्तगुरू, इंदूरच्या एका व्यापाऱ्याला देऊन टाकणार होते. बदल्यात संगमरवरी मूर्ती मिळणार होती. दुकानांवर चहाचे इनॅमलचे बोर्ड असतात ना, त्याच कारखान्यातली ही पाटी, फार तर चाळीस वर्षांची, असं व्यापाऱ्याने सांगितलं होतं.

"पण रंग उडालाय तिथे आत तांबूस दिसतं," मुक्ता भावाला, यशोधनला म्हणाली. "काका म्हणतात, ओलीने गंज आला असेल!"

यशोधनने बिघडलेल्या रेडिओतलं चुंबक काढलं. मैत्रीण जयूला घेऊन दोघं सायकलींवरून फ्रीगंजच्या बाजारात गेली. चहाच्या बोर्डाला चुंबक टपकन चिकटलं. आत लोखंडी पत्रा होता. दुकानदाराने तिघांना हाकललं. धापा टाकत परत येऊन त्यांनी हे सांगितलं, तर काका म्हणाले की मोठी माणसं बोलताना मध्ये बोलू नये. मुक्ताला रडूच आलं.

तेवढ्यात व्यापाऱ्याची गाडी आली. जयूने डोळे पुसणाऱ्या मुक्ताला पुढे ढकललं.

"अंकल, ये चाय के बोर्ड जैसी ही है ना?" पेटीकडे बोट दाखवत मुक्ताने विचारलं.

"हाँ बेटा, बिल्कुल वैसी," तो घाईत म्हणाला.

"तो चुंबक चिपकेगा?"

"क्यों नहीं चिपकेगा!"

आता काकांनीच पेटी उघडायला लावली. मुक्ताने पाटीच्या कडेला चुंबक टेकवलं. ते घसरून खाली पडलं. दोन्ही बाजूंनी लावून पाहिलं, तेच झालं. व्यापारी चपापला आणि लगेच म्हणाला, एकाऐवजी दोन मूर्ती देतो.

"पत्र्याच्या पाटीसाठी दोन मूर्ती?" काकांनी शांतपणे विचारलं. व्यापारी रिकाम्या हातांनी गेला.

दुसऱ्या दिवशी इतिहास शिकवणाऱ्या सुलभाताईंनी भिंगातून पाटी पाहिली. तांब्यावरचं हाताचं काम, बहुधा शंभर-सव्वाशे वर्षांचं, त्या म्हणाल्या. कारागीर कोण, ते सांगता येणार नाही.

मुक्ता हिरमुसली. एवढं करूनही नाव नाहीच!

"आम्ही मोठ्यांनी नीट पाहिलंच नाही, तुम्ही पाहिलंत. शाब्बास," काका म्हणाले. "पाटीखाली काय लिहायचं, तूच सांग. शिंदेशाही काळातली, असं लिहू? लोकांना आवडेल."

मुक्ताने नकारार्थी मान हलवली.

"कुणी केली ते माहीत नाही, असं लिहा," ती म्हणाली. "अजून शोधतोय, असंही लिहा."

काकांनी तसंच लिहून घेतलं.