दुसऱ्या दिवसाचा रंग

पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि तूर वऱ्हाडात एकाच वावरात शेजारी वाढतात, पण दोघींचं नातं फार लांबचं. अमरावतीच्या कॉलेजात दीक्षा याच दोघींच्या फुलांची तुलना करत होती. पऱ्हाटीचं फूल पहिल्या दिवशी फिकट पिवळं, दुसऱ्या दिवशी गुलाबी. तुरीचं झडेपर्यंत पिवळंच.

नमुने घ्यायला ती आपल्या गावी, हिवरखेडला, खुशालरावांच्या वावरात आली, ती मुद्दाम. दिवाळीआधी तिचा बाप देवमन इथंच कीटकनाशक फवारताना कोसळून मेला होता. तोंडाला बांधायला त्याला साधं फडकंही मिळालं नव्हतं. वर खुशालराव गावभर सांगत सुटले, की देवमन दारू पिऊन घरीच मेला. उभ्या जन्मात थेंबाला न शिवलेला माणूस! तेव्हापासून दीक्षाचं डोकं तापलेलं होतं, ते निवायला तयार नव्हतं.

एका तासातली, म्हणजे एका ओळीतली, तूर तिला वेगळी दिसली. कालची पिवळी फुलं आज गुलाबी होती, थेट पऱ्हाटीसारखी. शेजारच्या तासात तसं एकही नव्हतं. तिनं भिंगातून पाहिलं. रोग नाही, कीड नाही. धुऱ्यापासून, वावराच्या बांधापासून, निघालेली गुलाबी ओळ वावराच्या मध्यावर थांबत होती. आईनं बापाच्या पाठीवरचा पंप सोडला तो तिथंच.

कापसाच्या पहिल्या वेचणीला बाया सीतादहीची पूजा करायला जमल्या. वावरात दहीभात शिंपडून झाला, मालकानं हात जोडले. दीक्षानं त्या तासातलं आजचं एक पिवळं फूल तोडलं आणि खुशालरावांच्या तळहातावर ठेवलं.

"पाटील, आता सगळ्यायसमोर सांगा. माहा बाप कुठं मेला?"

त्यांनी मूठ मिटली. "घरी. पिऊन. वावरात पायच नोता ठेवला त्यानं. काहून डोकं खाऊन राहिली?"

मूठ उघडली. फूल पिवळंच होतं. ते हसले. दीक्षाला त्यांचं तोंड फोडावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिच्या दारात उभे होते. तळहात मनगटापर्यंत गुलाबी झाला होता.

"लय घासलं. जाऊनच नाई राहिलं. तुमच्या कॉलेजातलं काई औषध दे मले."

"औषध नाई. खरं सांगा."

ते चिडले. "किती वेळा सांगू तुले? घरीच मेला तो."

बोलताना त्यांचं तोंड उघडलं, तेव्हा तिला दिसलं.

जीभ फिकट पिवळी होती. पऱ्हाटीच्या आज उमललेल्या फुलासारखी.