माप इथलं, हवा तिकडची

मलमल

मे महिन्यात नागपूरकर सिग्नलच्या पांढऱ्या पट्ट्यावर थांबत नाही. तो थांबतो अलीकडे, कडुनिंबाच्या सावलीत. लाल दिवा तिकडे, गाड्या इकडे.

त्या दुपारी मात्र एक मोटारसायकल थेट पट्ट्यावर उभी होती. भर उन्हात, एकटी. आणि तिच्यावरच्या मुलानं घातला होता काळा, चकचकीत, टेरिकॉटचा शर्ट.

भैरवीचं कपड्याचं दुकान होतं. तिला असलं काही बघवायचं नाही. नारंगी मलमलच्या दुपट्ट्यात तोंड गुंडाळलेलं, फक्त डोळे उघडे. ती सावलीतल्या स्कूटरवरूनच ओरडली,

"ओ भाऊ! इकडे या ना सावलीत! अन् तो शर्ट... मरायचं ठरवून निघाले का घरून?"

तो वळला. पापण्यांवर घाम. "आमच्याकडे हाच चालतो हो!"

"हे तुमच्याकडे नाही, नागपूर आहे! पांढरं घाला, सुती घाला, डोकं बांधा!"

सिग्नल सुटला. ती गेली. तो तिथेच. मागचे हॉर्न वाजवून दमले, तरी तो त्या गेलेल्या डोळ्यांकडेच...

पुन्हा मलमल

"भैरवी! एक पोट्टा माह्या मागं लागला वं! थेट लकडगंजपासून!"

यमुताई महाल भागातल्या भैरवीच्या दुकानात धापा टाकत शिरल्या. भैरवीचे लहानपणीचे फ्रॉक त्यांनीच शिवले होते. आता त्या तिच्याच दुकानात मशीनवर बसत. पन्नाशी उलटलेली. आणि चेहऱ्यावर राग होता की कौतुक, सांगणं कठीण.

पाठोपाठ दारात... तोच. शर्टही तोच.

यमुताईंनी तोंडावरचा नारंगी दुपट्टा सोडला. पांढरे केस, जाड चष्मा. मुलाचा चेहरा असा पडला की भैरवीला हसू आवरेना.

"माफ करा, काकू... दुपट्टा तोच होता, म्हणून मला वाटलं—"

दुपट्टा तोच असणारच. त्या मलमलचा अख्खा तागा याच दुकानातून गेला होता. निम्मा महाल त्या रंगात तोंड बांधून फिरत होता.

"कोणाले शोधून राहिले?" भैरवीनं विचारलं. आता तिचं तोंड उघडं होतं.

"नाव माहीत नाही. चेहराही नाही. फक्त डोळे पाहिलेत. पण काय डोळे—"

हे तो तिच्या डोळ्यांत बघून सांगत होता! आणि ओळखत नव्हता. 'मीच ती' हे शब्द भैरवीच्या जिभेवर आले होते. पण मनात आलं... भाजू दे थोडा.

"काय म्हणाली ती तुम्हाला?"

"...भाऊ."

यमुताईंनी मशीनवर डोकं टेकवलं आणि खांदे हलेपर्यंत हसल्या.

"भाऊ म्हणणारीच्या मागं उन्हात फिरता?" भैरवी म्हणाली. " बसा. माठातलं पाणी प्या. अन् आधी तो शर्ट बदला."

पांढरा, सैल, सुती सदरा घालून तो आरशासमोर उभा राहिला. नाव गौरांग. गाव रत्नागिरीजवळ. बँकेची बदली. बाकी भैरवीनं ऐकलं नाही. सदऱ्याच्या उघड्या गळ्याशी वारा खेळत होता, आणि ती तिकडेच बघत होती.

जो वाळतो तो

जुलैत शिकवायची पाळी त्याची.

"पावसात सुती ड्रेस? दोन दिवस ओलीच राहशील."

"मग काय घालू?"

"जॉर्जेट. गडद रंग. घोट्याच्या वर. आमच्याकडे चार महिने सुती वाळतच नाही, म्हणून तर टेरिकॉट. तू उगाच हसलीस."

"मी कुठे हसली? ती हसली असेल, तुझी डोळेवाली."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. तो दर रविवारी यायचा. कधी रुमाल घ्यायला, कधी न लागणारं बटन लावून घ्यायला. आणि जाताना विचारायचा,

"ती आली होती का गं दुकानात?"

...भैरवीला स्वतःच्याच डोळ्यांचा मत्सर वाटे! असं कुणाचं होतं का?

"सांगून टाक वं एकदाचं," यमुताई म्हणायच्या.

"सांगीन."

"कधी? त्यानं पत्रिका आणून दिल्यावर?"

सांगायचं काहून नव्हतं? कारण डोळ्यांखाली त्यानं मनानं कुठला तरी सुंदर चेहरा काढून ठेवला असणार. आणि तिथे हे नाक, हे गोबरे गाल, हे रस्त्यापर्यंत जाणारं हसू. ऐकून तो म्हणाला, 'अच्छा... तू होय?' तर? त्या 'होय'ची तिला भीती वाटायची.

ऑक्टोबरच्या उन्हात त्यानं विचारणं थांबवलं.

ही भीती आणखी मोठी. मिळाली वाटते त्याला.

लोकर

जानेवारी. बोलताना तोंडातून वाफ निघावी अशी सकाळ. तिनंच निवडलेला विटकरी स्वेटर घालून तो आला. आज बटन नव्हतं, रुमाल नव्हता.

"ड्रेस हवेत. शिमग्याला एका मुलीला घरी नेतोय, आईला भेटवायला. तिकडची हवा दमट. तू निवडून दे."

भैरवीनं मागे वळून न बघता घड्या काढल्या. एकेक घडी काउंटरवर आपटत गेली.

"हा लिनन. अंगाला चिकटणार नाही. हा फिका, घाम दिसत नाही. ओढणी थोडी जड घे, समुद्राचा वारा..." तिनं मापाची टेप ओढली. "माप सांग तिचं."

"तुझं."

"म्हणजे माझ्याएवढी आहे?"

"एवढी नाही. तूच."

यमुताईंचं मशीन थांबलं.

"अन्... डोळेवाली?"

"तिला शोधणं कधीच सोडलं. ती एकदा ओरडली आणि निघून गेली. तू दर रविवारी ओरडतेस."

भैरवीनं खुंटीवरचा नारंगी दुपट्टा ओढला. एक वेढा डोक्याभोवती, एक नाकावरून, टोक कानामागे खोचलं. आणि ओल्या, हसऱ्या डोळ्यांनी म्हणाली,

"ओ भाऊ... सावलीत या ना."

गौरांग मटकन स्टुलावर बसला.

"म्हणजे... मी तुझ्यासाठी... तुलाच सोडलं?"

"हो गा."

"आता तरी भाऊ म्हणू नको वं त्याले!" मशीनमागून यमुताई.

तो उठला. कानामागचं टोक हलकेच सोडवलं. नाक आलं, गोबरे गाल आले, आणि रस्त्यापर्यंत जाणारं ते हसू. भैरवी त्या 'होय'ची वाट बघत होती...

"त्या दिवशी दुपट्ट्यामुळे यातलं काहीच दिसलं नव्हतं," तो म्हणाला.

बाहेर कोवळं ऊन पडलं होतं. तिनं लिननची घडी पुन्हा उचलली. या वेळी अंगाला लावून, आरशात बघून.

"गौरांग, तो काळा शर्ट फेकून नाही ना दिलास?"

"नाही. का?"

"ठेव. पावसाळ्यात परत जाऊ तिकडे. तेव्हा लागेल."