कॉफीचा सीन

शनिवारी दुपारच्या खेळाला पॅसाडिनाचे लोक भलत्याच ठिकाणी किंचाळले आणि विल्मा ट्रॅस्कचं डोकं उठलं.

ती त्या सिनेमाची संकलक. किंचाळायची जागा तिनं आठवडेच्या आठवडे खपून तयार केली होती. नायिका जिना चढते, वरचं दार किलकिलं होतं, दाराखालून सावली सरकते, फोन वाजतो आणि कुणी उचलायच्या आत बंद होतो. रहस्यपटाचा सगळा ठरलेला मालमसाला. वर खुनी बसलाय हे प्रेक्षकाला आधी दाखवायचं, मग त्या बिचारीला जिना चढायला लावायचं. तिला ठाऊक नाही, आपल्याला ठाऊक आहे, या एका युक्तीवर तर या धंद्याची चूल पेटते. आणि त्याच जिन्यावर लोकांनी जांभया दिल्या! किंचाळले कुठे, तर नायिका सकाळच्या उन्हात ओट्याशी उभी राहून कॉफी ओतते तिथे. तो सीन विल्मानं निव्वळ लोकांना दम खाता यावा म्हणून ठेवला होता.

स्टुडिओची पद्धत अशी, की तयार होत आलेला सिनेमा नाव न सांगता एखाद्या गावच्या थेटरात लावायचा, लोक कुठे हसतात, कुठे खोकतात ते बघायचं आणि परत येऊन कात्री चालवायची. म्हणून खेळ सुटल्यावर विल्मानं बाहेर एका जाडजूड बाईंना गाठलं.

"कॉफीच्या सीनला काय झालं हो तुम्हाला?"

"काय झालं म्हणजे? तो उभा होता ना तिच्या मागे! आणि ही बया आपली कॉफी ओततेय. माझा तर जीव वरखाली झाला."

"कोण उभा होता?"

"तो लांबड्या हातांचा." बाईंनी नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "सांग की रे यांना."

नवरा हातातल्या टोपीशी चाळा करत राहिला. "चेहरा दाखवला नाहीत ते बरं केलंत," एवढंच म्हणाला.

सोमवारी तिनं तो तुकडा यंत्रावर चढवला आणि एकेक चित्र थांबवून पाहिलं. ओटा, खिडकी, कॉफीचं भांडं, जॉयस. जॉयस म्हणजे सिनेमाची नायिका आणि विल्माची धाकटी बहीण. आई गेल्यावर विल्मानंच तिला वाढवलं होतं, आणि हे कामही दिग्दर्शकाच्या मागे हात धुऊन लागून तिनंच मिळवून दिलं होतं. जॉयसच्या मागे सेटची कोरी भिंत होती. दुसरं काही नव्हतं. तिनं कॅमेरावाल्याला बोलावलं, लाइटवाल्याला बोलावलं. दोघांनाही भिंतच दिसली. मग फाटकावरच्या पहारेकऱ्याला आणून बसवलं. सिनेमाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तो बघता बघता उठला, "मला फाटकावर जायला पाहिजे" म्हणाला आणि यंत्राकडे पाठ न करता मागे मागे सरकत दाराबाहेर गेला.

दिग्दर्शक लेस्टर गॅनन मात्र खुशीत होता.

"अहो बाईसाहेब, फुकटात खुनी मिळालाय! लोकांना दिसतो, पोरीला दिसत नाही. रहस्यपटाला आणखी काय लागतं? लांबवा तो सीन!"

"लेस्टर, तिथे कोणी नाहीये."

"मग घाबरताय कशाला?"

आता याला काय बोलणार? गाढवापुढे वाचली गीता! विल्माचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. पण जो कोणी होता तो जॉयसच्या मागे उभा होता, आणि ते तिला मुळीच खपत नव्हतं. जॉयसला सांगून पाहिलं, तर ती हसत सुटली.

"विल्मा, त्या अंधाऱ्या खोलीत बसून बसून डोकं फिरलंय तुझं. जरा उन्हात जात जा."

कुणाला म्हणून काळजी नाही! शेवटी विल्मानं जन्मभर जे केलं होतं तेच केलं. नको असेल ते कापायचं. लेस्टर जेवायला गेलेला बघून तिनं कॉफीचा सीन मुळापासून उडवला, अलीकडचं पलीकडचं चिकटवलं आणि तुकडा कचऱ्यात फेकला.

"नीघ इथून," ती म्हणाली. "माझ्या बहिणीच्या सिनेमात तुझं काम नाही."

पुढच्या शनिवारी दुपारी ग्लेंडेलला खेळ लागला. जॉयस पडद्यावर आली, बोलली, हसली, कुणी हूं की चूं केलं नाही. जिन्यावर मात्र अख्खं थेटर किंचाळलं. जिथे किंचाळायचं तिथेच! विल्मानं सुटकेचा श्वास टाकला. मागच्या रांगेत बसलेल्या लेस्टरनं सीन गेलेला बघून डोळे वटारले होते, पण टाळ्या ऐकून तोही गप्प बसला.

दिवे लागल्यावर त्यानं जॉयसला पुढे धाडलं. पडद्यासमोरच्या छोट्याशा स्टेजवर ती चढली आणि तिनं हात हलवला.

टाळ्या थांबल्या.

कुणी किंचाळलं नाही. सगळ्यांनी एकदम श्वास आत घेतला, तेवढा विल्माला ऐकू आला. जॉयसकडे कुणी बघतच नव्हतं. सगळे तिच्या खांद्यामागे बघत होते.

तिथे कोरा पडदा होता.

"जॉयस, खाली ये!" विल्मा उठून ओरडली. "आत्ताच्या आत्ता! बाहेर जा!"

"काय गं हे, चारचौघांत!" जॉयस फणकारली. पण लहानपणापासूनची सवय, ऐकलं तिनं. उतरली आणि बाजूच्या दारानं बाहेरच्या उन्हात गेली. तिच्यामागे दार लागलं.

काही झालं नाही. विल्मा धपकन खुर्चीत बसली. पोरगी सुटली होती. बास, एवढंच हवं होतं.

मग तिच्या ध्यानात आलं, दाराकडे कुणी बघितलंच नव्हतं.

सगळ्या माना हळूहळू वळत होत्या. स्टेजवरून पायऱ्यांकडे. पायऱ्यांवरून मधल्या वाटेकडे.

वाटेनं वर.

विल्माच्या रांगेपाशी येऊन माना थांबल्या.

"काय बघताय?" ती कातावून म्हणाली. "अहो, बोला ना कुणीतरी!"



रांगेच्या टोकाच्या बाईंनी, कुणी उशिरा आलेला आत शिरताना घेतो तसे, गुडघे बाजूला घेतले.

मग त्यांच्या पलीकडच्या माणसानं घेतले.

मग विल्माच्या अगदी शेजारच्यानं.