फ्लिंटलॉकची हंगेरियन टेप

खोकं जागेवर होतं, आत टेप नव्हती.

सकाळी फोन आला तसा एल्डन ट्रुस्डेल अर्धी कॉफी तशीच टाकून ‘फ्लिंटलॉक’च्या कचेरीकडे निघाला. सरकारी गुप्तचर खात्यातून निवृत्त झाल्यापासून तो ओळखीपाळखीच्या लोकांच्या भानगडी निस्तरत असे. पण ही भानगड घरचीच होती. वॉशिंग्टनमधले निम्मे लोक हे साप्ताहिक कम्युनिस्टांचा कर्दनकाळ म्हणून वाचत, उरलेले निम्मे दातओठ खात वाचत. ट्रुस्डेल पहिल्या अंकापासून पहिल्या निम्म्यांत होता.

संपादक हॉलिस क्रँडल दारातच उभा होता. एरवी उभ्या देशाला दरडावणारा म्हातारा आज चुरगळलेला दिसत होता.

“एल्डन, आता मला कच्चं खातील बघ.”

“आधी बस. काय झालं ते नीट सांग.”

प्रकरण असं होतं. पळून आलेल्या एका हंगेरियन अधिकाऱ्याची मुलाखत ‘फ्लिंटलॉक’ने घेतली होती. तिच्या आधारे छापलं, की ओहायोतला प्रोफेसर एकहार्ट कम्युनिस्टांचा खबऱ्या आहे. कॉलेजने एकहार्टला हाकलून दिलं. त्याने साप्ताहिकाला कोर्टात खेचलं. कोर्टाने टेप मागितली, आणि टेप गायब.

“अनुवाद कोणाचा?”

“मार्गितचा. मार्गित हालास. इथे हंगेरियन फक्त तिलाच येते.” क्रँडल खिडकीबाहेर बघत राहिला. “चांगली बाई आहे रे. पण...”

‘पण’च्या पुढे तो गेला नाही. भिंतीवर त्याचा जुना मायक्रोफोन टांगलेला होता. साप्ताहिक काढायच्या आधी क्रँडल रेडिओवर बोलत असे आणि तरुण ट्रुस्डेल जेवण थांबवून ते ऐकत असे.

“लाव ना एखादं जुनं भाषण,” ट्रुस्डेल म्हणाला. मित्राला जरा धीर यावा, एवढाच हेतू.

क्रँडलने एक रीळ मशीनवर चढवलं, आधी सर्रकन सगळं गुंडाळून घेतलं आणि मग लावलं. जुना, खणखणीत आवाज खोलीत भरला. भाषण संपलं तसं त्याने भरलेलं रीळ उचललं आणि तसंच खोक्यात ठेवलं. झाकण लावून तो पुन्हा खिडकीकडे वळला. ट्रुस्डेलला फार वाईट वाटलं, आणि चोराचा फार राग आला.

त्या रागातच तो मार्गितसमोर जाऊन बसला. पन्नाशीची, ताठ पाठीची बाई. शेजारच्या टेबलावर डेरेक बॅस्कम्ब पाय पसरून बसला होता. एकहार्टवरचा लेख त्याचा.

“टेपांच्या कपाटाच्या किल्ल्या किती?” ट्रुस्डेलने विचारलं.

“दोन. एक माझ्याकडे, एक क्रँडलसाहेबांकडे.”

“टेप तुम्ही शेवटची कधी पाहिलीत?”

“अनुवाद टाइप केला तेव्हा. ऐकली, परत सुरुवातीपर्यंत गुंडाळली, आत ठेवली, कुलूप लावलं.”

“गुंडाळल्याचं बरं लक्षात राहिलं?”

“तिचा हट्टच आहे तो,” बॅस्कम्ब हसला. “कपाटातली एक टेप न गुंडाळलेली दिसली तर बाईंना जेवण जात नाही.”

“एकहार्टचं नाव टेपवर आहे?” ट्रुस्डेलने तिला विचारलं.

“नाही. मी टाइप केलेल्या अनुवादातही नाही.”

“अहो, तोंडी सांगितलंत ना मला,” बॅस्कम्ब म्हणाला. “माझ्या कानांनी ऐकलंय. टेपही ऐकलीय मी, तुमच्याच शेजारी बसून. नाव स्पष्ट येतं.”

“मी असं काही सांगितलेलं नाही. आणि तुम्ही दोन मिनिटं बसून सँडविच आणायला गेला होतात.”

“म्हणजे आता मी खोटारडा?”

ट्रुस्डेलने त्याला हाताने गप्प केलं आणि मार्गितला म्हणाला, “पर्स रिकामी करा.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. तेव्हा त्यानेच पर्स टेबलावर उपडी केली. कागदात बांधलेला राय ब्रेड, डोकेदुखीच्या गोळ्या, एका म्हातारीचा फोटो, चष्मा, आणि नागरिकत्वाच्या परीक्षेची कोपरे झिजलेली पुस्तिका.

“पुढच्या आठवड्यात सुनावणी आहे माझी,” मार्गित म्हणाली. “चोरीचा डाग लागला तर नागरिकत्व मिळायचं नाही. इतकी वर्षं थांबले ती मी एका टेपसाठी घालवीन, असं वाटतं तुम्हाला?”

“चारित्र्याची साक्ष कोण देणार?”

“घरमालकीण. आणि क्रँडलसाहेब.”

ट्रुस्डेलचं डोकं भडकलं. ज्याने आधार दिला त्याच्याच घरात चोरी. “बुडापेस्टहून पळून आलीस,” तो म्हणाला, “की पाठवली गेलीस?”

सकाळपासून त्याने तिला ‘तुम्ही’ म्हटलं होतं. तो बदल तिलाही कळला, त्यालाही. पसरलेल्या वस्तू तशाच टाकून ती भिंतीशी जाऊन उभी राहिली.

मग त्याने कपाट उघडलं. प्रत्येक रिळाच्या बाहेरच्या टोकाला पांढरी पट्टी होती. जिथे ती दिसते तिथून टेप सुरू होते, ही मार्गितची पद्धत. तो एकेक खोकं उघडत गेला. वार्षिक मेजवानीच्या खोक्यावर ‘दोन रिळं’ लिहिलं होतं, निघाली तीन. तिसऱ्या रिळाचं टोक नुसतंच तपकिरी होतं, पट्टीचा पत्ता नव्हता.

क्रँडलच्या खोलीत सगळे जमले. ट्रुस्डेलने रीळ मशीनवर चढवलं. माणसाचा आवाज आला, पण शब्द कसले, नुसती गुरगुर आणि हिसके.

“हीच ती,” बॅस्कम्ब म्हणाला. “ऐकलंत? हंगेरियन ही अशीच.”

“मिस्टर बॅस्कम्ब,” मार्गित भिंतीपाशीच उभी राहून म्हणाली, “माझी भाषा अवघड आहे, कबूल. पण ही उलटी चाललीय.”

कोणाला हसू आलं नाही. ट्रुस्डेलने मशीन थांबवलं आणि रिळाचं आतलं टोक वाकून पाहिलं. त्याने क्रँडलकडे पाहिलं, मायक्रोफोनकडे पाहिलं.

“पट्टी आतल्या टोकाला आहे,” तो सावकाश बोलू लागला. “म्हणजे कोणीतरी ही शेवटपर्यंत ऐकली आणि न गुंडाळता तशीच ठेवली. मार्गितबाई असं करणार नाहीत, बॅस्कम्ब, तूच मला सांगितलंस. तू करणार नाहीस, कारण तुझ्याकडे किल्ली नाही. आणि तुला तर टेप उलटी चाललीय हेही कळलं नाही.”

“मग कोण?” बॅस्कम्बचा आवाज बारीक झाला.

“घाईने गुंडाळलेली टेप सैल बसते, आवाज खराब होतो. म्हणून रेडिओवाले टेप वाजवून झाली की तशीच ठेवतात आणि पुढच्या वेळी लावण्याआधी गुंडाळतात. सकाळी माझ्यासमोर एकाने हेच केलं. मी बघत होतो, हॉलिस. बघून न बघितल्यासारखं केलं, कारण तो तू होतास.”

क्रँडल खुर्चीत बसला.

“एकहार्टने दावा लावल्यावर तू ही ऐकलीस. भाषा तुला येत नाही, पण नाव कोणत्याही भाषेत कळतं. ते नाव येईल म्हणून तू शेवटपर्यंत बसलास.”

“आलं नाही,” क्रँडल म्हणाला. “रीळ संपलं, तरी आलं नाही.”

“आणि टेप नाहीशी झाली की चूक अनुवादाची, चोरी अनुवादिकेची. बॅस्कम्बने नाव घुसडलं, ते झाकायला तू हिला पुढे केलंस. आणि तुझ्या वतीने मी तिची पर्स उपडी केली.”

“साहेब, मला खात्रीच वाटत होती एकहार्टबद्दल,” बॅस्कम्ब पुटपुटला. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

“पुसून का नाही टाकलीस?” ट्रुस्डेलने विचारलं.

“बटणावर बोट ठेवलं होतं. जन्मभर आवाज जपले रे मी. नाही झालं.” म्हाताऱ्याने डोळे पुसले. “मार्गित, सुनावणीला मी येईन. काय म्हणाल ते शपथेवर सांगेन.”

“आधी छापा,” मार्गित म्हणाली. “पहिल्या पानावर. एकहार्ट निर्दोष आहे, आणि टेप कोणी लपवली, तेही.”

“ते छापल्यावर माझी साक्ष कोण मानेल? मी सांगितलेलं तिथे कोणी खरं धरणार नाही. तुमचंच नुकसान होईल.”

“होऊ दे. खोटं लपवणाऱ्याच्या शब्दावर मला या देशात राहायचं नाही. तसे देश मी पाहिलेत.”

क्रँडलने फोन उचलला. छापखान्याला पहिलं पान थांबवायला सांगितलं.

ट्रुस्डेल तिच्या मागोमाग बाहेर आला. “मी देतो साक्ष, क्रँडलच्या जागी.”

“साक्षीदार अनेक वर्षं ओळखणारा लागतो. तुम्ही मला कधीपासून ओळखता?”

“आज सकाळपासून,” तो म्हणाला.

टेबलावर तिच्या वस्तू अजून पसरलेल्या होत्या. तिने रिकामी पर्स उचलून त्याच्या हातात दिली.

“जशा होत्या तशा भरा.”

त्याने फोटो उचलला, चष्मा उचलला. कोणती वस्तू कुठल्या कप्प्यात जाते ते त्याला ठाऊक नव्हतं. ब्रेड खाली ठेवला तर चुरडला जात होता, वर ठेवला तर पर्स मिटत नव्हती. ती समोर हाताची घडी घालून उभी होती, आणि एका शब्दानेही सांगत नव्हती.