लार्च रोडवरचं चुकीचं घर

चौदा नंबरचं दार ज्यानं उघडलं त्याच्या केसांत जुन्या रंगाचे पोपडे होते आणि ओठांत दोन खिळे.

"मी फिलिपा, हॅम्पस्टेडच्या इतिहास मंडळाची. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली चित्रकार ऑगस्टा पेल तुमच्या माळ्यावर राहायची. बघू?" मी एका दमात बोलून टाकलं.

त्यानं खिळे काढले. "पेलबाई? भाडं ठेवून गेल्यात का काही?"

गेला ना चेष्टेवर! नेड त्याचं नाव, जुन्या खिडक्या दुरुस्त करायचा. ऑगस्टाच्या १८७१ च्या पत्रावर हाच पत्ता होता. तीन वर्षं मी तिच्या मागावर होते. शनिवारी चाळीस माणसांची फेरी इथं आणायची आणि भिंतीवर मंडळाची पाटी लावायची, माझी पहिलीच फेरी! मग काय, मोजमापं घ्यायला मी रोज दुपारी हजर. बाहेर एप्रिलची रिमझिम, आत चहा, आणि मोजपट्टीचं दुसरं टोक धरणारा नेड... एकच भिंत मी तीनदा मोजली.

गुरुवारी त्याला भाषण वाचून दाखवत होते. "याच खिडकीतल्या उत्तरेच्या स्थिर प्रकाशात—"

"फिलिपा... ही खिडकी दक्षिणेला आहे."

चित्रकार उत्तरेची खिडकी बघून घर घेतात, हे मंडळात शेंबड्या पोरालाही ठाऊक. आठवडाभर मी या माळ्यावर नक्की काय बघत होते?

त्यानं खिशातून एक कागद काढला. "१८८४ मध्ये रस्त्याचे नंबर बदलले. आधी ओळीनं होते, मग एका बाजूला सम, दुसऱ्या बाजूला विषम. तिचं चौदा म्हणजे आजचं सत्तावीस. ते समोरचं."

"तुला कधी कळलं?"

"सोमवारी."

"सोमवारी! आणि गप्प बसलास? चाळीस लोकांसमोर माझं हसं झालं असतं!"

"सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवसापासून समोर गेली असतीस." त्याचे कान लाल झाले. "तू येत राहावीस असं वाटत होतं... पण अशी फसवून नको."

मी रागानं तरातरा रस्ता ओलांडला. सत्तावीसच्या मिसेस पॉम्फ्रेटनी मला माळ्यावर नेलं. भिंतभर उत्तरेची खिडकी! चौकटीच्या लाकडावर कुंचले पुसून पुसून बसलेले रंगांचे थरच्या थर. आनंदानं मी ओरडलेच.

समोरच्या खिडकीत नेड उभा होता. तोंड एवढंसं झालेलं.

राग कुठं गेला कोण जाणे. मी खिडकी वर ढकलली. "नेड! सापडली! आणि तू... तू मला आवडतोस, मूर्खा!"

नेमकी खालून बस गेली. ऐकू न आल्यासारखा त्यानं कानामागे हात धरला.

मिसेस पॉम्फ्रेटनी मला पुढे ढकललं. "अगं, पुन्हा सांग. मोठ्यानं. अख्ख्या गल्लीनं ऐकलंय, त्यालाच काय ते ऐकू गेलं नाही."