पहिलाच घोट कडू

"त्या बाईनी वाट लाई दिन्ही मन्ही!" इंद्रसिंगशेठने लिंबू-सोड्याची बाटली टेबलावर आपटली. "सुरतहून आख्खा माल परत उना. कडू जहर शे!"

नंदुरबारात खाजगी तपास करणारी निशा वळवी ऐकत होती. तिचा मदतनीस रूपचंद एक घोट घेऊन थुंकला.

सोड्याचा कारखाना शेठचाच, आणि त्याचं म्हणणं सरळ होतं. लिंबाची साल खरवडणाऱ्या मंगळीबाईने आतला कडू पांढरा भागही खरवडला. तिला कामावरून काढलं होतं. निशाने तसा अहवाल लिहिला की सुरतचा व्यापारी गप्प बसणार.

मंगळीबाई कारखान्याच्या फाटकाशी गाठोडं घेऊन बसली होती. शेजारी पाचवीतली पोर, दप्तरासकट.

"बाराले ट्रक शे, गुजरातमा ऊसतोडले. काम गयं, पोरनी शाळा बी गयी."

तिने सुरतच्या मालासाठी खरवडलेली लिंबं अजून आत टोपलीत होती. सगळी पांढरी, एकावरही खोल ओरखडा नाही.

त्या सालीचं तेल सोड्यात मिसळणारा शिवाजी म्हणाला, "मी तेल पहिले स्पिरिटमा घोळस, मंग पानीमा टाकस, मंग गॅस भरस. सुरतना मालना दिन शेठनी माले सुटी दिन्ही. स्पिरिटना कपाटनी चावी त्यासनाकडेच ऱ्हास."

"त्याच तेलाचा माल गावात विकला?" निशाने विचारलं.

"आदल्या दिनना. कोनी कडू नही म्हने."

रूपचंदने तोवर तीच बाटली संपवली. "अजब शे, मॅडम. वरना घोट कडू, खाले नुसतं सादं पानी!"

पावणेबारा वाजले होते. पण उलगडा सगळ्यांना बसवून, सावकाश करायची निशाला भारी हौस. तिने चहासुद्धा मागवला.

"पांढरा भाग पडला असता, तर बाटली तळापर्यंत कडू लागली असती. लिंबंही सांगतात, तो खरवडलाच नाही. इथे फक्त पहिला घोट कडू. म्हणजे तेल विरघळलं नाही, वर तरंगत राहिलं. स्पिरिट घातलंच नव्हतं. गावचा माल चांगला, सुरतचाच बिघडला. का? स्पिरिट म्हणजे अल्कोहोल, आणि गुजरातेत दारूबंदी. नाक्यावर बाटली तपासतील म्हणून तुम्ही घाबरलात, शेठ. शिवाजीला घरी पाठवून तेल तुम्हीच थेट पाण्यात ओतलंत."

शेठने घाम पुसला. "चुकनं मन्हं. बलाई ल्या तिले."

फाटकाशी कुणी नव्हतं. निशाने घाईघाईने मंगळीबाईला फोन लावला.

"मुकादम उतरू देत नही, ताई," पलीकडे ट्रकचा खडखडाट होता. "मी दोन दिन शेठले सांगं, बाटली पुरी पी देखा. कोनी आयकं नही."

निशाला शेठचा संताप आला, आणि स्वतःची लाज वाटली. टेबलावर तिचा चहा अजून गरम होता.