बेटावरच्या पायऱ्या

दिवा राहू द्या हो, मालवू नका. बसा, सांगते.

आमचे हे धरणाच्या पाण्यातल्या बेटावर बागेचे सुपरवायझर. तिथला जुना पोर्तुगीज महाल दुरुस्त करून पर्यटकांसाठी उघडला, त्याला दोन महिने झाले होते. "माझी बाग बघायला चल" म्हणून यांनी माझं डोकं खाल्लं होतं. रविवारी दुपारी शाळेच्या वह्या बाजूला सारल्या आणि गेले एकदाची.

होडीतून उतरलो. महालापर्यंत टप्प्याटप्प्यानं चढत गेलेली बाग, मधून काळ्या दगडाच्या अकरा पायऱ्या. माणसांची ही गर्दी! आणि एक बाई कळशी घेऊन, पायऱ्या सोडून, खुशाल शेवंतीच्या वाफ्यातून वर चढत होती. माझ्यातली मास्तरीण जागी झाली.

"अहो बाई, डोळे फुटले का? पायऱ्या कशाला केल्यात?"

ती थांबली. मंजुळाबाई तिचं नाव, झाडांना पाणी घालायची.

"ताई, ती पायरी नाय," ती हळूच म्हणाली. "तो माझा सासरा हाय."

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. इथले आदिवासी माणूस गेला की त्याच्या नावानं दगड कोरून उभा करतात, पुजतात. उद्घाटनाच्या घाईत पायऱ्यांना दगड मिळेनात, तर या महाशयांनी काठावरच्या राईतले तसले अकरा उपटून आणले आणि कोरीव बाजू खाली घालून बसवले! राखणदार देवाला नारळ दिल्याशिवाय गावाहून न निघणारा आमचा कोकणी माणूस. दुसऱ्यांच्या पितरांवर पाय देताना अक्कल गहाण ठेवली होती का? मी तिथंच झापलं.

"दगड तो दगड गं," हे हसले आणि मला दाखवायला तरातरा चढू लागले.

चौथ्या पायरीवर हे वाकले. सहावीवर गुडघे टेकले. गाळाचा कुबट वास आला... आणि हे पालथे पडले. पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर चिखलाचं एक अनवाणी पाऊल उमटलं. मग दुसरं. गर्दी केव्हाच मागे सरली होती, यांच्याजवळ कुणीच नव्हतं. प्रत्येक पावलाला हे कण्हत होते.

मी किंचाळले. "मंजुळाबाई, सांग ना त्यांना... चुकलं म्हणून..."

"मी सांगून काय व्हायचं?" तिच्या डोळ्यांत दया नव्हती. "जेवढे पाय त्यांच्यावर पडले, तेवढे ते परत देणार."

दुसऱ्याच दिवशी मी अकराही दगड राईत परत उभे करवले. नारळ दिले, नाक घासलं. उपयोग शून्य. हे तेव्हापासून आमली वस्तीतल्या या आमच्या घरात पालथेच पडून आहेत. उताणं केलं की श्वास अडकतो. डॉक्टरांना मोडलेल्या बरगड्या दिसतात, कारण सापडत नाही. दोन महिन्यांत त्या पायऱ्यांवरून किती हजार माणसं गेली असतील हो? चुकले हे, पण माझे आहेत. मला ते हवेत.

काल संध्याकाळी खालच्या मजल्यावरची उषा आली.

"प्रमिलाताई, गावाकडचे पाहुणे आलेत का? जिन्यात पाय ठेवायला जागा नाही, सगळ्यांचे अनवाणी पाय चिखलानं भरलेले. एका म्हातारीला म्हटलं, वर जाऊन बसा की. तर म्हणाली, आमचा नंबर आला की जाऊ..."

मी दार लावून घेतलं. आत यांचं कण्हणं क्षणभर थांबलं. बाहेर जिन्यात कुणीतरी उठून उभं राहिलं.